दिवाणी दाव्याची सुनावणी वाजवी वेळेत होण्याचा हक्क : रायपूर जिल्ह्यातील पक्षकारांसाठी माहिती

जमिनीची वाटणी, ताबा, घराची मालकी किंवा मयताच्या बँकेतील पैसे यांबाबतचा दावा कोर्टात अडकला की त्याची झळ योजनांच्या लाभालाही लागते. पीएम किसानचा हप्ता जमीन ज्याच्या नावावर असेल त्याला मिळतो. धान विकायची नोंदणी शेताच्या नोंदीवरून होते. घरकुलासाठी जागेचा कागद लागतो. भावाभावांत दावा चालू असताना या कागदांवर कोणाचे नाव असावे हेच ठरलेले नसते, आणि दावा दहा वर्षे चालला तर दहा वर्षे ठरत नाही. म्हणून कोर्टातील उशिराची ही माहिती योजनांच्या माहितीसोबत दिली आहे.

हे पान रायपूर आणि आसपासच्या मराठी भाषक लाभार्थ्यांसाठी आहे. इथल्या कोर्टाचे कामकाज हिंदीत चालते, आणि महाराष्ट्रातून आलेल्या किंवा घरी मराठी बोलणाऱ्या माणसाला काही शब्द परके वाटतात. इथे दिवाणी न्यायालयाला ‘व्यवहार न्यायालय’ म्हणतात, दिवाणी दाव्याला ‘व्यवहार वाद’, तारखेला ‘पेशी’ आणि रोजनाम्याला ‘आदेशपत्रिका’. मराठीत ज्याला दरखास्त म्हणतात ते इथे ‘निष्पादन प्रकरण’ असते. तलाठ्याचे काम पटवारी करतो, फेरफाराला ‘नामांतरण’ म्हणतात आणि सातबाऱ्याऐवजी बी-१ व खसरा मिळतो. पुढे मराठी शब्द वापरले आहेत. कोर्टात विचारताना मात्र इथले शब्द वापरा, काम लवकर होते.

हा हक्क कुठे लिहिला आहे?

‘दिवाणी दावा अमुक वर्षांत निकाली निघेल’ असे वाक्य भारताच्या राज्यघटनेत नाही. युरोपातील देशांनी १९५० मध्ये केलेल्या मानवी हक्कांच्या करारात, कलम ६ मध्ये, वाजवी वेळेत सुनावणीचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे आणि तो दिवाणी हक्कांनाही लागू आहे. आपल्याकडे हा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून आला.

आधी तो फौजदारी खटल्यांत मान्य झाला. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याची वाट पाहणाऱ्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात, म्हणजे हुसैनारा खातून प्रकरणात, १९७९ मध्ये न्यायालयाने सांगितले की जलद खटला हा कलम २१ मधील जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. तरीही उशीर थांबला नाही. रायपूरचेच उदाहरण आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या इथल्या कार्यालयातील एका कर्मचाऱ्यावर १९८६ मध्ये १०० रुपये लाच घेतल्याचा आरोप झाला. २००४ मध्ये खालच्या कोर्टाने शिक्षा दिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये छत्तीसगढ उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. मध्ये ३९ वर्षे गेली. निकाल लागला तेव्हा ते ८० च्या पुढे होते. नोकरीची उरलेली वर्षे कोणताही निकाल परत देऊ शकत नाही.

दिवाणी प्रकरणांसाठी महत्त्वाचा निकाल १९ जुलै २०१६ चा, अनिता कुशवाहा प्रकरणातला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की न्यायापर्यंत पोहोचता येणे हा कलम १४ व २१ खालील मूलभूत हक्क आहे, आणि त्यात चार गोष्टी येतात : राज्याने न्यायनिवाड्याची परिणामकारक व्यवस्था द्यावी, ती अंतराने फार दूर नसावी, निवाडा जलद व्हावा आणि तो परवडणारा असावा. यातली तिसरी गोष्ट म्हणजेच या पानाचा विषय. हा निकाल फक्त आरोपींपुरता नाही. वाटणीचा दावा लावणारी बहीण आणि ताबा मागणारा शेतकरी यांनाही तो लागू आहे.

पण हा हक्क दाखवून कोणी उद्या निकाल हातात देत नाही. किती वर्षे म्हणजे ‘वाजवी’, हे एका आकड्यात ठरलेले नाही. दावा लांबला म्हणून आपोआप नुकसानभरपाई मिळण्याची तरतूदही नाही. जिल्हा व तालुका न्यायालयांत देशभरात ४ कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत आणि त्यांत दिवाणी दावे एक कोटीच्या वर आहेत. अशा गर्दीत तुमच्या कामाची गोष्ट दुसरी आहे : दिवाणी प्रक्रिया संहितेने प्रत्येक टप्प्याला मुदत घालून दिली आहे. उशीर एकदम दहा वर्षांचा होत नाही, एकेका पेशीने साठत जातो. म्हणून त्याला अडवायचे तेही त्या त्या पेशीलाच.

आधी पाहा : प्रकरण दिवाणी कोर्टाचेच आहे का?

चुकीच्या दारात घालवलेली वर्षे हा उशिराचा मोठा आणि टाळता येण्याजोगा भाग आहे. शेतजमिनीची बरीच कामे छत्तीसगढ भू-राजस्व संहिता, १९५९ खाली तहसीलदारांकडे होतात : नामांतरण, सीमांकन म्हणजे मोजणी, सहमतीची वाटणी, आणि कलम २५० खाली बेकायदा ताबा काढून घेतलेल्या भूमीस्वामीला ताबा परत देणे. आदिवासी कुटुंबाची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल तर कलम १७०-ब खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे (इथे त्यांना एसडीओ किंवा एसडीएम म्हणतात) जायचे. या अर्जांनाही मुदती असतात, म्हणून थांबू नका.

दिवाणी कोर्टाची गरज मालकीवरच वाद असेल तेव्हा लागते. तहसीलदारांकडे कलम १७८ खाली वाटणीचा अर्ज चालू असताना कोणी मालकीचा प्रश्न काढला, तर तहसीलदार आपले काम ३ महिने थांबवतात, म्हणजे त्या काळात दिवाणी दावा दाखल करता यावा. हे ३ महिने पुष्कळ लोक ‘तहसीलमध्ये काम चालू आहे’ असे समजून घालवतात. तहसीलदारांचा असा आदेश आला की त्याच आठवड्यात वकिलाकडे किंवा विधिक सेवा कार्यालयात जा. आणखी एक लक्षात ठेवा : नामांतरणाची नोंद मालकी ठरवत नाही. भावाने बी-१ वर एकट्याचे नाव लावून घेतले म्हणून बहिणीचा हिस्सा संपत नाही. उलट तुमचे नाव लागले म्हणून मालकीही पक्की होत नाही.

काही कामांसाठी दिवाणी दाव्यापेक्षा जवळचा रस्ता आहे, आणि कायद्याने त्याला स्वतःची मुदत दिली आहे. घरातील हिंसाचाराच्या प्रकरणात २००५ च्या कायद्याखाली अर्ज दिल्यावर पहिली तारीख साधारण ३ दिवसांच्या आत लागायला हवी, आणि त्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा आहे. घरात राहण्याचा हक्कही याच कायद्यात मागता येतो. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लावून बसण्याची गरज नसते. मुलांनी सांभाळणे सोडलेल्या आईवडिलांना २००७ च्या कायद्याखाली निर्वाह प्राधिकरणाकडे जाता येते. तिथे दरमहा निर्वाह भत्त्याच्या अर्जासाठी नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांची मुदत आहे आणि ती फक्त ३० दिवसांनी वाढवता येते. विकत घेतलेल्या वस्तूत किंवा सेवेत फसवणूक झाली असेल तर ग्राहक आयोग. तिथली मुदत ३ महिन्यांची, तपासणी लागत असेल तर ५ महिन्यांची. या मुदतीही मोडतात. तरी ३ महिन्यांची मुदत मोडली हे दाखवणे मुदतच नसलेल्या ठिकाणी भांडण्यापेक्षा सोपे.

सरकारी विभागाविरुद्ध दावा लावायचा असेल तर आधी २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ८०). ती न दिल्यामुळे दावा परत येतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. घर पाडले जात आहे, अशी तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही दावा लावता येतो.

कोणत्या टप्प्याला किती दिवस?

दावा दाखल झाला की समन्स निघते. समन्सचा खर्च, म्हणजे इथल्या भाषेत ‘तलवाना’, वादीने भरायचा असतो आणि पत्ता बरोबर द्यायचा असतो. समन्स बजावल्याशिवाय परत आले तर ७ दिवसांच्या आत नव्या समन्ससाठी अर्ज द्यावा, नाहीतर दावा काढून टाकला जाऊ शकतो. कितीतरी दावे पहिली दोन वर्षे इथेच अडकलेले असतात. प्रतिवादी सापडत नाही असे वाटते, पण कागदावर पाहिले तर तलवानाच भरलेला नसतो. पहिल्या काही पेशींनंतर वकिलांना एकच प्रश्न विचारा : समन्स बजावले गेले का?

समन्स मिळाल्यावर प्रतिवादीने ३० दिवसांत कैफियत (इथे ‘जवाबदावा’) द्यायची असते. कारण नोंदवून कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले की अगदी अपवादाच्या परिस्थितीत ९० दिवसांनंतरही कैफियत घेता येईल. व्यवहारात हा अपवाद सर्रास मागितला जातो, आणि समोरून कोणी हरकत घेतली नाही तर मिळूनही जातो. हरकत घेणे हे तुमचे काम आहे.

मनाई हुकमाला (इथे ‘अस्थायी निषेधाज्ञा’) वेगळी मुदत आहे. तुम्हाला न ऐकता तुमच्याविरुद्ध मनाई दिली असेल, तर तो अर्ज ३० दिवसांत अंतिमतः निकाली काढायचा असतो, आणि तसे झाले नाही तर कोर्टाने कारण लिहायचे असते. एकतर्फी मनाईमुळे ज्यांची पेरणी अडली त्यांनी हे जरूर सांगावे.

साक्षीपुरावा सुरू झाला की सगळ्यात जास्त वेळ तारीख वाढवून घेण्यात जातो. संहितेच्या आदेश १७ प्रमाणे सुनावणीत एका पक्षाला ३ पेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून द्यायची नसते आणि वाढवताना समोरच्याला झालेला खर्च द्यायला लावायचा असतो. वकील दुसऱ्या कोर्टात अडकले आहेत, हे तारीख वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. हा नियमही न्यायालयांनी काहीसा सैल वाचला आहे, कारण खरोखरची आपत्ती कोणावरही येते. पण सैल म्हणजे रद्द नव्हे.

सुनावणी संपल्यावर निकाल ३० दिवसांत, आणि विशेष कारण असेल तर साधारण ६० दिवसांत द्यायचा असतो.

आदेशपत्रिका : तुमचा खरा पुरावा

प्रत्येक पेशीला काय झाले, कोण हजर होते, कोणी वेळ मागितला आणि कोर्टाने काय आदेश दिला, हे आदेशपत्रिकेत लिहिले जाते. उशिराबद्दल कोणत्याही अधिकाऱ्याकडे, विधिक सेवा कार्यालयात किंवा उच्च न्यायालयात जायचे असेल तर ‘आमचा दावा बारा वर्षे चालू आहे’ हे वाक्य पुरत नाही. आदेशपत्रिका दाखवावी लागते.

तिची नकल मिळते. कोर्टाच्या नकल शाखेत प्रकरण क्रमांकासह अर्ज द्यायचा आणि ठरलेली फी भरायची. पक्षकार स्वतः अर्ज करू शकतो. नकल हातात आली की एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा : तारीख, काय झाले, कोणामुळे पुढे गेले. घरातील शिकणाऱ्या मुलामुलीकडून हे काम एका संध्याकाळी होते. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. पुष्कळदा त्यात ‘प्रतिवादीने वेळ मागितला’ इतक्याच वेळा ‘वादी गैरहजर’ किंवा ‘वादीने कागद दाखल केले नाहीत’ असेही निघते. काही तारखा कोणाच्याच दोषाने जात नाहीत : न्यायाधीश रजेवर, पद रिकामे, वकिलांचे कामबंद. हा कागद पाहिल्यावर पुढे नक्की काय मागायचे ते कळते. समोरचा वेळ खातो आहे का, की आपलेच काम राहिले आहे?

रोजची माहिती मोबाइलवर मिळते. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षरांचा व अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर तो टाकला की पुढची पेशी, मागच्या पेशींचा इतिहास आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत. हा क्रमांक वकिलांकडून लिहून घ्या आणि राशनकार्डाच्या फाइलमध्येच ठेवा. ‘पेशी कधी आहे’ हे विचारायला दर वेळी शहरात येऊन दिवसाची मजुरी घालवू नका.

पेशीला मात्र हजर राहा, निदान साक्षीच्या टप्प्यावर. वादी व त्याचा वकील दोघेही गैरहजर आणि प्रतिवादी हजर असेल तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो. तो पुन्हा नंबरावर घेण्यासाठी ३० दिवसांत, सबळ कारणासह अर्ज द्यावा लागतो. समन्स मिळूनही प्रतिवादी आला नाही तर एकतर्फी निकाल होतो. तो उठवण्याची मुदतही साधारण ३० दिवसांचीच.

पक्षकार मरण पावला तर

वाटणीचे दावे इतके चालतात की मध्ये माणसे जातात. मरण पावलेल्या पक्षकाराच्या वारसांची नावे ९० दिवसांत दाव्यात लावावी लागतात. तसे केले नाही तर त्या माणसापुरता दावा संपतो. कायद्याच्या भाषेत याला ‘उपशमन’ म्हणतात. त्यानंतर ते उठवण्यासाठी आणखी ६० दिवस असतात. तेही गेले तर उशिराची माफी मागावी लागते आणि ती मिळेलच असे नाही. दुःखाच्या घरात तेराव्यानंतर कोणी कोर्टाचा विषय काढत नाही, हे खरे. पण मृत्यूचा दाखला मिळाला की त्याची एक प्रत वकिलांकडे पोहोचवा. समोरचा पक्षकार गेला आणि त्याच्या वकिलाला ते माहीत असेल, तर त्याने कोर्टाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

सर्वात साधे दिसणारे प्रकरणही इथे येते. नवऱ्याच्या खात्यावर पैसे आहेत, वारस म्हणून नाव नोंदलेले नाही, आणि बँक ‘उत्तराधिकार प्रमाणपत्र’ मागते. हे प्रमाणपत्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खाली दिवाणी कोर्टातून मिळते. त्यासाठी सर्व वारसांची नावे अर्जात पहिल्याच दिवशी लिहा, पटत नसलेल्या नणंदेचे किंवा पहिल्या लग्नाच्या मुलाचेसुद्धा. सुटलेले नाव नंतर उगवले की बिनविरोध अर्जाचा वादाचा दावा होतो.

निकाल लागला, पण ताबा नाही

दावा जिंकल्यानंतरचा उशीर माणसाला सगळ्यात जास्त मोडतो. हुकूमनामा हातात असतो, शेत मात्र दुसराच कसत असतो. अशा वेळी दरखास्त म्हणजे निष्पादन प्रकरण दाखल करावे लागते. ते आपोआप सुरू होत नाही. ताबा किंवा पैसे मिळवण्याच्या हुकूमनाम्यासाठी त्याची मुदत १२ वर्षे आहे. पण थांबण्यात शहाणपण नाही, कारण तेवढ्यात जमीन आणखी दोघांना विकली गेलेली असते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ च्या राहुल शाह निकालात सांगितले की दरखास्त दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत निकाली काढावी, आणि जास्त वेळ लागला तर कारण लिहावे. ६ मार्च २०२५ च्या पेरियम्मल निकालात सर्व उच्च न्यायालयांना जुन्या दरखास्तींचा आढावा घेऊन त्या ६ महिन्यांत निकाली निघतील असे पाहायला सांगितले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयापुढे आकडा आला तेव्हा देशात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती अजून प्रलंबित होत्या. म्हणजे ६ महिन्यांची मुदत खरी, पण ती मागावी लागते. दरखास्तीत ६ महिने उलटून गेले असतील तर या दोन निकालांचा उल्लेख करून लवकर सुनावणीचा अर्ज द्यायला वकिलांना सांगा.

वकील आणि खर्च

स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि आपत्तीग्रस्त यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना राज्याने ठरवलेल्या उत्पन्नमर्यादेत मिळतो. मोफत म्हणजे फक्त वकील नव्हे. कोर्ट फी, समन्सचा खर्च, टंकलेखन आणि नकलांचा खर्चही त्यात येतो. अर्ज जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण, रायपूर यांच्याकडे किंवा तालुका विधिक सेवा समितीकडे द्यायचा. साध्या कागदावर लिहिला तरी चालतो. लिहिता येत नसेल तर तिथे तोंडी सांगा, लिहून घेतात. देशभरचा मदत क्रमांक १५१०० आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या विधी स्वयंसेवकांना आता ‘अधिकार मित्र’ म्हणतात.

मोफत वकील कामाचे नसतात, असा समज सगळीकडे आहे. कधी तो खराही ठरतो. पण नेमलेला वकील पेशीला येत नसेल तर प्राधिकरणाला लेखी कळवून दुसरा मागता येतो. खासगी वकिलाबाबतही एक गोष्ट माहीत असू द्या : फी बाकी आहे म्हणून वकील तुमची कागदपत्रे अडवून ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे. वकील बदलणे हा तुमचा हक्क आहे. दर दोन वर्षांनी वकील बदलणे हा मात्र दावा लांबवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

कोर्ट फी भरण्याची ऐपत नसेल तर ‘निर्धन व्यक्ती’ म्हणून दावा लावण्याची परवानगी संहितेच्या आदेश ३३ खाली मागता येते. परवानगीच्या चौकशीत वेळ जातो, म्हणून विधिक सेवेत बसणाऱ्याने आधी तिकडेच जावे.

लोक अदालत : लवकर, पण घाईने नको

नॅशनल लोक अदालत वर्षातून साधारण चार वेळा, शनिवारी भरते. चालू दावा दोघांच्या संमतीने तिथे ठेवता येतो. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. छत्तीसगढने ११ जुलै २०२० रोजी, करोनाच्या काळात, राज्यभर ऑनलाइन लोक अदालत भरवली. राज्य पातळीवरची अशी ती देशातली पहिली होती. वीज, पाणी, वाहतूक, टपाल, दवाखाना, विमा अशा सेवांच्या तक्रारींसाठी स्थायी लोक अदालत वेगळी असते. दावा लावण्याआधीच तिथे जाता येते.

लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, आणि इथेच जपायला हवे. ‘ताई, सही करा, आजच मिटते’ असे म्हणून बहिणींचे हिस्से नाममात्र रकमेवर सोडवून घेतले जातात. तडजोडीचा मसुदा वाचून घ्या, आकडा आणि खसरा क्रमांक तपासा. पैसे कोणत्या तारखेला मिळणार ते त्यात लिहिलेले आहे का ते पाहा. पटले नाही तर नाही म्हणा. दावा कोर्टात परत जातो आणि नकार दिल्याबद्दल कोणी शिक्षा करत नाही.

तरीही दावा पुढे सरकत नसेल तर

पहिले पाऊल त्याच कोर्टात : शीघ्र सुनावणीचा लेखी अर्ज. त्यात वय, आजार, विधवा असणे, लाभ थांबणे, जे खरे असेल ते कागदासह लिहा. सोबत तीन रकान्यांचा तक्ता जोडा.

दावा ५ वर्षांपेक्षा जुना असेल तर एक जास्तीचा आधार आहे. २० ऑक्टोबर २०२३ च्या यशपाल जैन निकालात, १९८२ मध्ये दाखल झालेल्या एका दाव्याचा प्रवास पाहून सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना समन्सपासून निकालापर्यंतच्या मुदती पाळायला सांगितल्या. ५ वर्षांपेक्षा जुन्या प्रकरणांची माहिती प्रत्येक कोर्टाने दरमहा प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवावी आणि उच्च न्यायालयाच्या समितीने त्यावर लक्ष ठेवावे, असेही सांगितले. त्यामुळे प्रधान जिल्हा न्यायाधीशांना दिलेल्या अर्जात दाव्याचे वर्ष ठळक लिहा. अर्ज आवक शाखेत द्या आणि पोच घ्या. न्यायाधीशांना घरी किंवा दालनात जाऊन भेटण्याचा प्रयत्न करू नका, प्रकरणाचे नुकसानच होते.

शेवटचा मार्ग बिलासपूरचे उच्च न्यायालय, राज्यघटनेच्या कलम २२७ खाली. रायपूरकरांची ही वारी जुनी आहे : १९३६ पासून नागपूरला, १९५६ नंतर जबलपूरला आणि राज्य झाल्यावर २००० पासून बिलासपूरला. तिथे खालच्या कोर्टाला ‘इतक्या महिन्यांत निकाल द्या’ असा आदेश मागितला जातो. पण २९ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात घटनापीठाने म्हटले आहे की असे कालबद्ध आदेश सरसकट देऊ नयेत, कारण एकाचा दावा पुढे घेतला की रांगेतला दुसरा मागे जातो. त्यामुळे तुमची परिस्थिती वेगळी आणि गंभीर असेल, आणि आदेशपत्रिकेत ती दिसत असेल, तरच हा खर्च करावा.

विधिक सेवा कार्यालयात जाताना सोबत न्या : दाव्याची प्रत, शेवटचा आदेश, सीएनआर क्रमांक, आधार, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला लागू असेल तर तो, बी-१ व खसरा. यांपैकी काहीच हाताशी नसेल तरी जा. ई-कोर्ट्सवर पक्षकाराचे नाव आणि दाव्याचे वर्ष टाकून प्रकरण शोधता येते. नाव इंग्रजीत टाकताना स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून पाहायला सांगा, कारण मराठी आडनावे इथल्या नोंदींत अनेकदा वेगळीच लिहिलेली असतात.